काच बदलली, बंपर रंगवला. आता कॅमेरा-रडारचं काय?

वाचकांचे प्रश्न : मोटार विभाग

या वेळच्या पत्रांमध्ये एकाच विषयाची गर्दी आहे. गाडीला ॲडास आहे, म्हणजे लेन सांभाळणं, समोरच्या गाडीपासून अंतर राखणं, आपोआप ब्रेक लागणं वगैरे. काच किंवा बंपरचं काम झालं की या सगळ्याचं पुढे काय करायचं, असं वाचक विचारताहेत. निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

टिप्परमधून उडालेल्या खड्यानं पुढची काच तडकली. म्हापशातच बाहेरच्या काचवाल्याकडून बदलून घेतली. डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही, म्हणून कॅलिब्रेशन नको असं तो म्हणतो. पण लेन असिस्ट चालू असताना गाडी किंचित डावीकडे ओढते. माझी शंका बरोबर आहे का? (म्हापसा)

बरोबर आहे. कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याला त्याची नेमकी दिशा पुन्हा शिकवणं, होईपर्यंत लेन असिस्ट आणि ॲडाप्टिव्ह क्रूझ (समोरच्या गाडीपासून अंतर राखणारं) दोन्ही बंद ठेवा.

दिवा लागत नाही याचा अर्थ एवढाच की कॅमेऱ्याला वीज मिळते आहे, चित्र येतं आहे आणि गाडीच्या कॉम्प्युटरशी त्याचा संपर्क आहे. आपण नेमके कुठे बघतो आहोत हे कॅमेऱ्याला स्वतःहून ठाऊक नसतं. जुन्या काचेवर असताना त्याला जी सरळ रेषा शिकवली होती, तीच तो नव्या काचेवरही खरी धरतो. कॅमेऱ्याचा प्लग काढला की काही मॉडेल स्वतःच कॅलिब्रेशन मागतात, काही गप्प राहतात. त्यामुळे दिव्यावर भरवसा ठेवता येत नाही.

फरक किती पडतो ते पाहा. कॅमेऱ्याचा ब्रॅकेट काचेला चिकटवलेला असतो. त्याच्या दोन टेकणांमध्ये सहा सेंटिमीटर अंतर धरलं आणि एक टेकण एक मिलिमीटरनं पुढे आलं, तर कॅमेरा साधारण १ अंशानं वळतो. १ अंश म्हणजे १०० मीटरवर १.७५ मीटर. महामार्गाची लेन ३.५ मीटर रुंद असते. म्हणजे तुमच्या लेनच्या बरोबर मधून चाललेली गाडी कॅमेऱ्याला लेनच्या पट्ट्यावर दिसेल आणि शेजारच्या लेनमधली गाडी तुमच्या वाटेत आल्यासारखी वाटेल. पहिल्या चुकीमुळे ब्रेक उशिरा लागतो. दुसरीमुळे नको तिथे लागतो आणि मागून येणारा तुमच्यावर आदळतो.

आधी काच तपासा. कोपऱ्यातल्या छाप्यात आयएस २५५३ ची खूण हवी आणि काच ॲडासवाल्या व्हेरिएंटचीच हवी. त्याच मॉडेलच्या बिनकॅमेऱ्याच्या व्हेरिएंटची काच मापात बसते, पण तिच्यावर ब्रॅकेट नसतो. मग जुन्या काचेवरचा ब्रॅकेट ब्लेडनं सोडवून नवीवर चिकटवला जातो. असं झालं असेल तर कॅलिब्रेशनच्या भानगडीत न पडता काच परत करा, कारण हातानं चिकटवलेला ब्रॅकेट कारखान्यातल्या कोनात बसत नाही. कॅमेऱ्यापुढचा काचेचा तुकडा लहरी असेल, म्हणजे त्यातून पाहताना समोरच्या भिंतीची कड वाकडी दिसत असेल, तरीही काच नापास समजा.

दुसरं फास्टॅगचं. काच बदलली की जुना टॅग फाटतो आणि नवा लावताना तो सवयीनं आरशाखाली, नेमका कॅमेऱ्यापुढे चिकटवला जातो. तो कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, बाजूला सरकवून लावा. देवाचा स्टिकर आणि सोसायटीचा पासही तिथे नको.

काच बसवायचा पॉलियुरेथेन गोंद हवेतल्या ओलाव्यानं सुकतो, त्यामुळे आपल्याकडच्या दमट हवेत तो लवकर धरतो. तरीही ट्यूबवर लिहिलेली वेळ पूर्ण होऊ द्या. गोंद ओला असताना काच केसभर सरकते आणि त्याआधी केलेलं कॅलिब्रेशन वाया जातं. त्या दिवशी सगळ्या खिडक्या बंद ठेवून दार आपटू नका, आतल्या हवेचा दाब काचेवरच येतो.

कॅलिब्रेशन दोन प्रकारचं असतं. एक वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीवर, कॅमेऱ्यासमोर खुणांचा फलक लावून. दुसरं रस्त्यावर गाडी चालवून. काही मॉडेलना दोन्ही लागतात. कोणाला काय लागतं ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तिथे मेकॅनिकचा अंदाज चालत नाही. उभ्या गाडीचं काम नीट कसं होतं हे माहीत असलं की समोर उभं राहून तपासता येतं. जमीन सपाट हवी. पेव्हर ब्लॉकचं उताराचं अंगण चालत नाही. टायरमध्ये थंड असताना दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा, डिकी रिकामी, आत कोणी बसलेलं नको. इंधन मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पातळीला. काही कंपन्या टाकी भरलेलीच मागतात. बॅटरीला चार्जर जोडलेला असावा, कारण इग्निशन चालू ठेवून बराच वेळ काम चालतं आणि व्होल्टेज घसरलं की प्रक्रिया मध्येच तुटते.

मग स्कॅनर लावून आधीचे सगळे बिघाडाचे कोड वाचायचे. व्हील अलाइनमेंट बिघडलेलं असेल तर ते आधी करायचं, कारण फलक बोनेटच्या मध्याकडे बघून लावून भागत नाही, मागची चाकं गाडीला ज्या दिशेनं ढकलतात त्या रेषेवर तो लावावा लागतो. अलाइनमेंट नीट असलं की ती रेषा गाडीच्या मध्यरेषेशी जुळते. मग चांगला तंत्रज्ञ पुढच्या आणि मागच्या बोधचिन्हाच्या मध्यातून ओळंबा सोडतो, जमिनीवर दोन खुणा करतो, त्या जोडणारी रेषा लेझरनं पुढे नेतो आणि फलकाची मधली खूण तिच्यावर आणतो. अंतर चाकाच्या मध्यापासून मोजतो, दोन्ही बाजूंनी वेगवेगळं, आणि दोन्ही मापं जुळेपर्यंत फलक हलवतो. हे अंतर मॉडेलनुसार दीड मीटरपासून चार-पाच मीटरपर्यंत असतं आणि चूक फक्त मिलिमीटरांत खपते. फलकामागे काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, चकाकणारी काच किंवा उघडं शटर असलं तर कॅमेरा गोंधळतो. हे सगळं वीस मिनिटांत उरकलं असं कोणी सांगितलं तर मापं घेतलीच नाहीत असं समजा. स्कॅनरच्या पडद्यावरचं बटण दाबायला वेळ लागत नाही, वेळ मापांनाच लागतो.

काम झाल्यावर आधीच्या आणि नंतरच्या स्कॅनचा छापील अहवाल घ्या. त्यावर तुमचा चासी नंबर, तारीख आणि कॅलिब्रेशन पूर्ण झाल्याची नोंद हवी. आणि पुढे केव्हाही सस्पेन्शनचं काम केलंत, गाडीची उंची बदललीत किंवा वेगळ्या मापाचे टायर घातलेत, तर कॅमेऱ्याची तपासणी पुन्हा करून घ्या.

मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर स्कूटर आदळली. पेंटरनं हीट गननं बंपर सरळ केला, पुट्टी भरून मेटॅलिक रंग मारला. आता ब्लाइंड स्पॉटचा दिवा शेजारी कोणी नसताना लागतो आणि दुचाकी शेजारी असून कधी लागत नाही. रडार बदलावं लागेल का? (फोंडा)

आधी बंपर उतरवा. रडार बहुधा शाबूत असेल.

ब्लाइंड स्पॉटची, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या जागेवर नजर ठेवणारी, रडार मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांआड असतात. त्यांच्यासाठी बंपरचं प्लॅस्टिक म्हणजे खिडकी. ७७ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर असते, त्यामुळे दीड-दोन मिलिमीटर पुट्टीचा थर तिला जाणवतो. थर एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ असला तर लहर वाकते, काही भाग आतच परततो. मेटॅलिक रंगात धातूचे कण असतात. मूळ रंगावर पुन्हा मेटॅलिकचे थर चढले की अडथळा वाढतो. तुमची दोन्ही लक्षणं, खोटा इशारा आणि चुकलेली दुचाकी, याच्याशी जुळतात.

बंपर काढल्यावर रडारचा ब्रॅकेट पाहा. धक्क्यानं त्याचा कान वाकला असेल किंवा क्लिप तुटली असेल तर ब्रॅकेट नवा घाला. तो पक्कडीनं सरळ करू नये. मग बंपरशिवाय स्कॅनरवर दोन्ही बाजूंचं रीडिंग घ्या. उघडं रडार नीट चालत असेल तर दोष बंपरचाच. अशा वेळी नवा बंपर घ्यावा, कंपनीच्या जाडीच्या मर्यादेत रंगवावा, आणि मग कॅलिब्रेशन करावं. पुट्टी घासून काढली तरी हीट गननं ताणलेलं प्लॅस्टिक पूर्वीच्या जाडीचं राहत नाही. रडारच्या टप्प्यातल्या बंपरला पुट्टी लावायची नाही, हा नियम पेंटरला काम देतानाच सांगा. हे वाक्य तिथे बोललं जात नाही आणि पुढचा सगळा खर्च त्यातून उभा राहतो.

पार्किंग सेन्सरही याच निमित्तानं बघून घ्या. ते बंपरवर असतानाच त्यांच्यावर फवारा मारला असेल तर तोंडावरच्या जाड रंगानं अंतर चुकतं. पुढच्या बंपरचं काम निघालं तर आणखी दोन गोष्टी. काही गाड्यांचं रडार बोधचिन्हामागे असतं. तिथे बाजारातलं क्रोमचं नक्षीदार चिन्ह लावलं की ते आंधळं होतं. आणि रडारपुढे लोखंडी गार्ड नको. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं असे गार्ड बेकायदा ठरवून राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे.

काच बदलल्यावर रस्त्यावरचं कॅलिब्रेशन दोनदा फसलं. वर्कशॉप पावसाकडे बोट दाखवतं. चवथीला कुटुंबाला घेऊन गावी जायचं आहे. गाडी न्यावी का? (मडगाव)

गाडी न्या. ॲडास बंद असलं तरी मूळ ब्रेक, एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग यांना काही होत नाही. सेटिंगमध्ये जाऊन सगळे साहाय्यक बंद करा आणि गाडी तुमच्यासोबत चालवणाऱ्या प्रत्येकाला तसं सांगा. सवय झालेला माणूस नकळत आपोआप ब्रेक लागेल असं धरून चालतो.

वर्कशॉप पावसाबद्दल खरं बोलतं आहे. कॅमेऱ्याला दोन्ही बाजूंचे लेनचे पट्टे सलग दिसावे लागतात, मॉडेलनं ठरवलेला वेग सतत राखावा लागतो आणि साधारण १० ते ३० मिनिटं त्यात खंड पडून चालत नाही. ऑगस्टमध्ये पट्टे पुसट झालेले असतात, ओल्या डांबरावर आकाश चमकतं आणि वायपर चालू असतो. गावातल्या रस्त्यांवर मधला पट्टाच नसतो. पावसानं उघडीप दिल्यावर, रस्ता कोरडा झाल्यावर, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, शक्यतो रविवारी, राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या चौपदरी आणि पट्टे ठळक असलेल्या तुकड्यावर न्यायला सांगा. हा महामार्ग गोव्यात उत्तर-दक्षिण जातो, त्यामुळे ऊन बाजूनं येतं. पणजी-फोंडा रस्ता पूर्व-पश्चिम आहे; सकाळी फोंड्याकडे किंवा संध्याकाळी पणजीकडे जाताना सूर्य थेट कॅमेऱ्यात शिरतो. तुमच्या मॉडेलला फलकाचा पर्याय आहे का, हेही विचारा. असेल तर पाऊस थांबायची वाट बघायचं कारण नाही.

दोनदा फसण्यामागे पावसाव्यतिरिक्त एक कारण असू शकतं. कॅमेऱ्याचं प्लॅस्टिक कव्हर नीट बसलं नसेल तर त्याच्या आत दमट हवा जाते आणि एसी चालू केला की तेवढ्याच जागी काचेवर वाफ धरते. बाहेरून टॉर्च मारून बघा.

एक मात्र करू देऊ नका. फसलेलं कॅलिब्रेशन तसंच ठेवून नुसता कोड पुसून गाडी तुमच्या हाती देणं.

कॅलिब्रेशनचा खर्च विम्यात बसतो का? (वास्को)

अपघाताच्या दुरुस्तीचा भाग म्हणून मागितला तर बसू शकतो, पण तो विमा कंपनीचा सर्व्हेअर येण्याआधी एस्टिमेटमध्ये वेगळ्या ओळीत लिहिलेला हवा. काम झाल्यावर जोडलेलं बिल अडतं. काचेवर घसारा कापला जात नाही. प्लॅस्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर झिरो डेप्रिसिएशनचं (घसारा न कापण्याचं) जादा कव्हर नसेल तर ५० टक्के कापला जातो, म्हणून बंपरचा हिस्सा जास्त भरावा लागतो. पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाडीला १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,००० रुपये सक्तीनं स्वतः भरायचे असतात. फक्त काचेचा क्लेम केला तरी नो क्लेम बोनस जातो, त्याचं संरक्षण वेगळं घेतलं नसेल तर. क्लेममधून मिळणारी रक्कम आणि जाणारा बोनस, दोन्ही आकडे मांडून मगच क्लेम करा.

पावसात "सेन्सर झाकला आहे" असा संदेश येतो. कॅलिब्रेशन गेलं का? (डिचोली)

नाही. तुमच्या भागातल्या तांबड्या चिखलाचा थर रडारच्या काळ्या झाकणावर वाळून बसतो. ओल्या मऊ कापडानं पुसा, गाडी पुन्हा सुरू करा. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून थेट सेन्सरवर धरू नका. स्वच्छ आणि कोरडी गाडी कोरड्या रस्त्यावरही तोच संदेश देत राहिली तर मात्र वर्कशॉपला दाखवा.

रात्री रस्त्यावर बसलेल्या गुरांसाठी आपोआप ब्रेक लागतो का? सगळं कॅलिब्रेशन नीट आहे. (काणकोण)

त्यावर विसंबू नका. या प्रणाली मुख्यतः वाहनं, पादचारी आणि सायकलस्वार ओळखायला शिकवलेल्या असतात. अंधारात डांबरावर बसलेली काळी म्हैस कॅमेऱ्याला कडा नसलेला डाग दिसते, आणि जागच्या जागी असलेल्या वस्तूंवर विनाकारण ब्रेक लागू नये म्हणून रडारच्या अशा खुणा बऱ्याचदा गाळल्या जातात. कॅलिब्रेशन कितीही अचूक असलं तरी यात फरक पडत नाही. काणकोणच्या बाजूला रात्री वेग असा ठेवा की हेडलाइटच्या उजेडाच्या टप्प्यात गाडी थांबवता येईल, आणि समोरून कोणी नसेल तेव्हा हाय बीम स्वतः लावा.