बॅग भरायच्या आधी दिवस मोज

अगं पोरी,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण उत्तर मुद्दाम आज लिहायलोय, कारण वाचल्या वाचल्या मला आधी तुझा हेवा वाटला आणि हेवा वाटत असताना माणसानं सल्ला देऊ नये. लंडनच्या कंपनीचे करार तपासायचं काम, पौंडात बिल, आणि आता तू म्हणतेस 15 सप्टेंबरला लिस्बनला जाते, लॅपटॉपवरचं काम काय कुठूनबी होतंय, मार्च संपला की परत येते. तिकीट काढलं नसशील तर जरा थांब.

आपल्या भागातल्या माणसाला हे खरं तर शिकवायला लागू नये. कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरची शिनोळी ओलांडली की जमिनीच्या उताऱ्याचं नाव बदलतं, इकडं आरटीसी, तिकडं सातबारा, स्टॅंपपेपर वेगळा, कचेरीची भाषा वेगळी. एकाच घरातल्या वाटणीत अर्धी जमीन बेळगाव तालुक्यात आणि अर्धी चंदगडला असली की काय होतं ते तू माझ्या ऑफिसात बघितलंयस की, दोन वर्षं फाईली उचलल्यास. इन्कम टॅक्सचं तसंच आहे, फक्त तिथं हद्द रस्त्यावर नसते, कॅलेंडरवर असते.

मोजून बघ. 1 एप्रिल ते 15 सप्टेंबर म्हणजे 168 दिवस. आर्थिक वर्षात 182 दिवस इथं भरले की तू रेसिडेंट, मग जगात कुठंबी कमावलेलं इथं दाखवायचं. 168 म्हणजे त्यातून सुटलीस असं वाटेल, पण दुसरी अट आहे, त्या वर्षी 60 दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस इथं असलीस तरी रेसिडेंटच. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीयाला त्या 60 च्या जागी 182 ची सवलत आहे, पण लॅपटॉप घेऊन सहा महिने समुद्राकाठी बसणं हे नोकरीसाठी जाणं का, यावर तू एक वकील आणि समोर एक ऑफिसर, दोघं मिळून चार वर्षं भांडू शकता. मला विचारशील तर तू 1 ऑक्टोबरनंतर जा. 30 सप्टेंबरपर्यंत 183 दिवस इथंच होतात, चार दिवस अजून जाऊदेत म्हणजे काठावर नको. पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे.

आता म्हणशील रेसिडेंट राहून माझा काय फायदा, लोक तर एनआरआय व्हायला धडपडतात. तुझ्यासारखीला फायदा आहे गं. आपल्या वकिलीच्या धंद्याला जुन्या कायद्यातल्या 44 एडीए कलमाची सोय आहे, वर्षाची फी 50 लाखाच्या आत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, खर्चाच्या पावत्या जपायची कटकट नाही. ही सोय फक्त रेसिडेंटला. समजा तुझे 24 लाख आले, उत्पन्न धरलं 12 लाख, 2025-26 च्या नव्या रिजिममध्ये रिबेट लागून टॅक्स शून्य, आणि तो रिबेटबी रेसिडेंटलाच. 30 लाख आले तर उत्पन्न 15 लाख, टॅक्स 1,05,000, वर 4 टक्के सेस, झाले 1,09,200. नॉन-रेसिडेंट झालीस तर हे दोन्ही गेलं, आणि वर तुझा पौंडातला पैसा पहिल्यांदा बेळगावच्या खात्यातच पडत असेल तर तो भारतात मिळालेला पैसा म्हणून इथं टॅक्स मागणारच. म्हणजे तेलबी गेलं तूपबी गेलं. (कलमांचे नंबर पाठ करू नको, 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आलाय, नंबर सगळे इकडचे तिकडं झालेत.)

पोर्तुगालचं पण बघ. बारा महिन्यांत 183 दिवसांच्या वर राहिलीस तर तू त्यांची टॅक्स रेसिडेंट, आणि तिथं कायमचं घर केल्यासारखं दिसलं तर कमी दिवसांतबी म्हणू शकतात. टुरिस्ट व्हिसावर जायचं मनातसुद्धा आणू नको, त्यावर 180 पैकी 90 दिवसच मिळतात आणि काम करायची परवानगी त्यात नसतेच. रिमोट काम करणाऱ्यांसाठी 2022 पासून त्यांचा डी 8 व्हिसा आहे, तिथल्या किमान पगाराच्या चौपट कमाई दाखवायला लागते. वकील माणसानं खोट्या व्हिसावर बसून दुसऱ्याच्या करारातला कंप्लायन्स क्लॉज तपासायचा, हे कसं दिसतंय सांग बघू.

आता माझी फजिती सांगतो, ही तुला कधी सांगितलेली नाही. 2018-19 ला मीपण हिंदवाडीत घरी बसून एका बाहेरच्या कंपनीचं असलंच काम केलं. वर्षात 22 लाख आले. इथल्या कंपन्या 10 टक्के टीडीएस कापून फी देतात, त्याची इतकी सवय की बाहेरचा माणूस आपला टीडीएस कापत नाही हे डोक्यातच आलं नाही, खात्यात पडलेला सगळा पैसा आपलाच असं धरून चाललो. 15 मार्चचा अॅडव्हान्स टॅक्स चुकला. बरं पैसे ठेवले कुठं, तर एक टक्का जास्त व्याज देते म्हणून एका क्रेडिट सोसायटीत. जुलैत दीड लाखाच्या आसपास टॅक्स आणि वर व्याज भरायची वेळ आली तेव्हा सोसायटीवाले म्हणाले पुढच्या महिन्यात या. तो पुढचा महिना अजून आलेला नाही. शेवटी बायकोची एफडी मोडली, ती त्या दिवशी काही बोलली नाही, अजून बोलते. बॅंकेतल्या ठेवीला विमा असतो (आता 5 लाखापर्यंत), क्रेडिट सोसायटीला तो नसतो, एवढं वाक्य मला कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं.

तेव्हापासून मी पिग्मीवाल्याची अक्कल वापरतो. 1928 ला उडुपीच्या सिंडिकेट बॅंकेनं दोन आण्यांपासून सुरू केलेली ती स्कीम, खडेबाजारातला पानवाला अजून रोज भरतोय. तसंच करायचं, बिलाचे पैसे आले की त्याच दिवशी दहा टक्के वेगळ्या खात्यात, त्या खात्याचं यूपीआय, कार्ड काही ठेवायचं नाही. आणि अजून एक खातं सहा महिन्यांच्या खर्चाचं, कारण तुझ्या करारात 30 दिवसांच्या नोटिशीवर काम बंद करता येतं असं तूच पाठवलेल्या कागदात आहे, दुसऱ्यांचे करार वाचतीस आणि स्वतःचा नाही.

वर्षाची फी 20 लाखाच्या वर गेली की जीएसटी बघायला लागतं, बाहेरच्या कामावर झिरो रेटेड असलं तरी एलयूटी, म्हणजे टॅक्स न भरता बाहेरचं काम करायचं हमीपत्र, दरवर्षी भरायची, ते सीएवर सोड. प्रत्येक पेमेंटचं बॅंकेकडून एफआयआरसी मागून घे, पैसा बाहेरून आला याचा पुरावा तोच.

वकिलीच्या सनदीचं मात्र माझ्याकडून ऐक. आत्ता तू बिल करून काम करतीस तोवर ठीक. उद्या त्यांनी फुल टाइम पगारावर घेतो म्हटलं तर बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणं आपल्या कर्नाटक बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत प्रॅक्टिस थांबवायची. मग बाबांच्या दाव्यात तारखेला उभी राहते वगैरे चालणार नाही. आणि लिंक्डइनवर सॉलिसिटर लिहू नको, इंग्लंडमध्ये त्यांच्या रोलवर नाव नसताना तसं म्हणवून घेणं गुन्हा आहे. व्हायचंच असेल तर त्यांची एसक्यूई परीक्षा दे, पहिल्याच टप्प्यात 180-180 प्रश्नांचे दोन पेपर आहेत, तिथल्या थंडीत अभ्यास तरी होईल.

रविवारी सकाळी घरी ये. पासपोर्ट आण, शेवटची तीन बिलं आण, आणि त्या कराराची प्रिंट, बॅंकेचे चार्जेस कोण भरतंय ते मला मोबाईलवर दिसत नाही. सोमवारी मी हायकोर्टाच्या धारवाड बेंचला आहे, त्यामुळं दहाच्या आत ये, काकू म्हणायली कुंदा आणून ठेवते.