जुन्या डेस्कटॉपला रॅम टाकू की ईएमआयवर नवीन घेऊ?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही भांडुपला घरून चार दुकानांचं टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, बघता आणि लग्नसराईत पत्रिकांचं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मांडणी, करता, त्यातून महिन्याला साधारण १४,००० सुटतात. कॉम्प्युटर २०१३ चा, थर्ड जनरेशन आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम म्हणजे चालू कामाची मेमरी, जुनी हार्ड डिस्क. टॅली, पत्रिकांचं कोरल आणि ब्राउझर एकत्र उघडलं की सगळं हँग, रोजचा पाऊण तास नुसतं गोल फिरणारं चक्र बघण्यात जातो. दुकानदार म्हणतो ४८,००० चा नवीन घ्या, नो कॉस्ट ईएमआय म्हणजे बिनव्याजी हप्ते, १२ महिने ४,०००. मिस्टर म्हणतात त्यापेक्षा एक लाखाची एफडी मोडू.

माझं मत आधीच सांगते, आत्ता रॅम वाढवा, नवीन मशीन एक वर्ष पुढे ढकला आणि एफडीला हात लावू नका.

एफडीचं आधी बोलू कारण तिथे विचार करण्यासारखं फार काही नाहीये. घरखर्च ३५,००० आहे म्हणता, म्हणजे ती एफडी धड तीन महिन्यांचाही आधार नाही. ती आजारपणासाठी राहू दे.

आता ईएमआय. तुम्हीच लिहिलंय की रोख दिले तर तोच सेट ४५,५०० ला मिळतोय, मग नो कॉस्ट कसलं, ते २,५०० म्हणजेच व्याज. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं हे धरून हिशोब केला तर वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास पडतं, शिवाय प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी आणि क्रेडिट कार्डावरचा ईएमआय असेल तर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी. आणि पावसाळ्यात पत्रिकांचं काम बसतं तेव्हा १४ चे ९ हजार होतात असं तुम्हीच म्हणताय, हप्ता मात्र ४,००० चा ४,०००च राहणार.

मुळात अडकतंय कुठे ते बघा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी. तुमचं नेहमीचं सगळं उघडं ठेवून बघा. ४ पैकी साडेतीनच्या वर भरलेली दिसली आणि शेजारी डिस्क १०० टक्क्यांवर असली तर दुखणं रॅमचंच आहे, कारण रॅम भरली की विंडोज उरलेलं ओझं हार्ड डिस्कवर टाकत राहतं आणि जुनी फिरणारी डिस्क त्या मानाने फारच हळू. तिथेच खाली किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं, २ पैकी १ असेल तर उत्तम, आहे ती ४ ची पट्टी तशीच ठेवा आणि शेजारी ८ ची टाका. एक गोष्ट मात्र पैसे द्यायच्या आधी नक्की बघा, सिस्टीम टाइप ३२ बिट आहे की ६४. ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही, तसं असेल तर आधी ६४ बिट टाकून घ्यावं लागेल.

तुम्हाला मिळालेले भाव, ८ जीबी पट्टी २,०००, २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, २,५००, बसवायचे ५००, असे ५,०००. यातले रॅमचे २,००० हे खर्च समजा, कारण तुमच्या मशीनची डीडीआर३ जातीची पट्टी पुढच्या मशीनमध्ये बसणार नाही, त्यानंतरच्या डीडीआर४ ला पिनाच २८८ आणि हिला २४०, खाचही वेगळ्या जागी. एसएसडीचे पैसे मात्र वाया नाहीत, साटा केबलने जोडायची घेतली तर उद्या नव्या डेस्कटॉपला सोबत नेता येते. म्हणून अजून पैसे घालायचे तर एसएसडीत घाला, जुन्या बोर्डावर १६ जीबीचा हट्ट नको.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या सामानाच्या बाजारात, जाणार असाल तर जुनी पट्टी काढून पर्समध्ये घेऊन जा आणि तशीच मागा. मी स्वतः काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या मशीनसाठी स्वस्तात ८ ची पट्टी आणली, घरी येऊन लावली तर स्क्रीनच येईना, नुसते बीप. ती निघाली सर्व्हरची, साध्या बोर्डावर चालतच नाही, आणि दुकानदार परत घ्यायला तयार नाही. तसंच काही स्वस्त ८ च्या पट्ट्या फक्त एएमडी बोर्डांवर चालतात, तुमचं इंटेल आहे हे आधीच सांगा. बिलावर वॉरंटी लिहून घ्या. आणि हो, नवीन पट्टी बसल्यावरही बीप आले तर घाबरू नका, प्लग काढून पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने हलके घासा, परत बसवा, दोन्ही बाजूच्या क्लिपा टक्क वाजल्या पाहिजेत. आपल्याकडच्या दमट हवेत हे होतंच.

आता याची दुसरी बाजू, जिच्यामुळे मी फक्त एक वर्ष म्हणतेय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती मशीनसाठी वाढीव सिक्युरिटी अपडेटची सोय ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, ती आधी चालू करून घ्या. थर्ड जनरेशन प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, रॅम कितीही टाकली तरी. तुमच्याकडे दुसऱ्यांचे हिशोब आहेत, जीएसटीचे पासवर्ड आहेत, त्यामुळे हे मशीन आणखी पाच वर्षं रेटा असं मी म्हणणार नाही. बँकेचं काम त्यावर करू नका, टॅलीचा बॅकअप रोज पेनड्राइव्हवर घ्या.

आणि ४,००० च्या हप्त्याऐवजी २,५०० ची आरडी आजच चालू करा, बारा महिन्यांची, पत्रिकांचे पैसे येतात त्याच आठवड्यातली तारीख टाका. वर्षाने ३०,००० आणि वर थोडं व्याज हातात असेल, त्यात आठव्या जनरेशनच्या पुढचा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकलेला, ऑफिस डेस्कटॉप बघता येईल, एसएसडी तुमच्याकडे असेलच. काम वाढलं तर वर भर घालून नवीन घ्या, पण रोखीने, म्हणजे हप्त्यांतलं व्याज वाचेल.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरी अर्धीच भरलेली दिसली तर मात्र रॅम घेऊ नका, मला तो आकडा कळवा, मग आपण फक्त एसएसडीचं बघू.