शब्दांची विचारपूस: ‘रँट’ म्हणजे बरळणं का?

प्रश्न: बँकेने घातलेल्या घोळाबद्दल मी घरी अर्धा तास बोलत होतो. मुलगी म्हणाली, “बाबा, तुमचा रँट संपला की जेवायला या.” कोशात पाहिलं तर ‘बरळणे’ असा अर्थ! मी बरळत होतो का? आणि हा शब्द आला कुठून?

उत्तर: तुम्ही बरळत नव्हता, पण कोशालाही खोटं पाडता येत नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच भाषेतून हा शब्द इंग्रजीत शिरला. तिथे त्याचा अर्थ वेड्यासारखं काहीबाही बोलणं असाच होता.

इंग्रजीत त्याला रंगभूमीचा वास लागला. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाच्या पाचव्या अंकात लेअर्टीस आपल्या बहिणीच्या, ऑफीलियाच्या थडग्यात उडी घेऊन दुःखाच्या डोंगराएवढ्या गोष्टी बोलतो. तेव्हा हॅम्लेट त्याला सुनावतो की तू तोंड वाजवणार असशील तर मीही तुझ्याइतकंच ‘रँट’ करीन. आता इथे ‘बरळेन’ लिहून बघा. जमत नाही, कारण हॅम्लेट शुद्धीत आहे, फक्त आवाज चढवण्याची पैज लावतोय. पुढे 1650च्या सुमारास इंग्लंडमध्ये एका पंथालाच ‘रँटर्स’ म्हणू लागले. ज्याच्यावर ईश्वराची कृपा झाली त्याला धर्माचे नियम लागू नाहीत, असं ही मंडळी म्हणत, आणि त्यांच्यावर डोळा ठेवून पार्लमेंटने 1650 सालीच ईश्वरनिंदेविरुद्ध कायदा केला. स्कॉटलंडात मात्र ‘रँट’ म्हणजे नाचाची झकास ठेका असलेली धून! एकाच शब्दाच्या वाट्याला हे सगळं.

मीही एकदा भाषांतरात ‘बरळणे’ लिहून मोकळा झालो होतो. संपादकांनी शब्दाभोवती तांबडा गोल काढून समासात लिहिलं: “याला ताप आलाय का?” तापात बरळणाऱ्यासाठी इंग्रजीत ‘रेव्ह’ आहे. ‘रँट’वाल्याला आपण काय बोलतोय ते पक्कं ठाऊक असतं, थांबायचं कुठे तेवढं सुचत नाही.

मराठीत मला जवळचा वाटतो तो ‘आगपाखड’. सुपात धान्याऐवजी निखारे घेऊन पाखडायला बसलेला माणूस डोळ्यांपुढे आणा: दाणा-फोलकट निवडणं राहतं बाजूला, ठिणग्या मात्र घरभर. अडचण एवढीच, की आगपाखड कोणावर तरी करावी लागते; ‘रँट’ला समोर कोणी नसलं तरी चालतं. तुमच्यासमोर तरी बँक कुठे होती?

‘त्रागा’ वापरू नका. स्वतःला इजा करून घ्यायची आणि तिचं पाप दुसऱ्याच्या माथी मारायचं, हा त्याचा जुना अर्थ. म्हणजे अर्धा तास बोलून झाल्यावर तुम्ही मुकाट पानावर जाऊन बसला असाल तर तो रँट. “मला नकोच जेवण” म्हणाला असाल, तर त्रागा.