रेस्ट आला की गडबड का होते? ड्रम नोटेशनचे चार प्रश्न

प्रश्न (वाशी): चाळिशीत ड्रम शिकायला घेतलेत. नोट्स वाचता येतात, पण रेस्ट (न वाजवता थांबायची खूण) आला की पुढचा ठोका हमखास लवकर पडतो.

कारण हात थांबला की तुमची मोजणी पण थांबते, आणि मग पुढची नोट दिसली की धावत जाऊन ती गाठायची. माझ्या ठाण्यातल्या क्लासला येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचं सुरुवातीला हेच होतं, वाईट वाटून घेऊ नका. मेट्रोनोम (एकसारखी टिकटिक करणारं यंत्र) 60 वर, म्हणजे मिनिटाला साठ टिकटिक, लावा आणि तोंडाने मोठ्याने "एक नि दोन नि तीन नि चार नि" म्हणा, रेस्टवर तर मुद्दाम जोरात म्हणा. नागमोडी दिसतो तो क्वार्टर रेस्ट, फोर-फोरमध्ये, म्हणजे चार-चार मात्रांच्या गटात, अख्खी एक मात्रा. एक आकडी असलेला एट्थ रेस्ट अर्ध्या मात्रेचा, दोन आकड्या असलेला सिक्स्टीन्थ पाव मात्रेचा. समजा दुसऱ्या मात्रेवर एट्थ रेस्ट आणि लगेच एट्थ नोट आहे, तर "दोन" नुसतं म्हणायचं, ठोका "नि" वर. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला मिळालं तर मांडीवर बोटांनी करा, ड्रमसेट लागतच नाही याला.

प्रश्न (नौपाडा): दहा वर्षं तबला वाजवतोय. रेस्ट म्हणजे आपली खालीच (तालातली टाळी नसलेली मात्रा) ना?

नाही हो, ही गल्लत खूप जण करतात. तीनतालात नवव्या मात्रेवर खाली येते, पण तिथे बोल वाजतातच, डग्ग्याची गुंज तेवढी जाते. रेस्टच्या जवळचं काही असेल तर बोल लिहिताना आपण जो अवग्रह (ऽ) टाकतो तो, किंवा दमदार तिहाईतला दम, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवताना मध्ये थांबतो ती जागा. तो दम तुम्ही बरोबर मोजता ना, तसाच रेस्ट मोजायचा. आणि एक मजा बघा, स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) आवाज लगेच विरतो, त्यामुळे एक क्वार्टर नोट वाजवा किंवा एट्थ नोट आणि तिच्यापुढे एट्थ रेस्ट, कानाला सारखंच येतं. लिहिणाऱ्याने वाचायला सोपं पडावं म्हणून एक निवडलेलं असतं. दोन्ही वेगळं वाजवायचा अट्टहास नको. झांज हाताने धरून बंद करायची असेल तिथे मात्र फरक पडतो.

प्रश्न (कोपरखैरणे): मुलाच्या शीटवर रेस्ट आहे, पण त्याच जागी वर हाय-हॅट (स्टँडवरची झांजांची जोडी) पण आहे. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. बऱ्याच शीट्समध्ये हातांच्या नोट्सच्या दांड्या वर आणि पायांच्या खाली असतात, म्हणजे एकाच पाच रेघांवर दोन माणसं बोलतायत असं समजा, आणि प्रत्येकाचे रेस्ट वेगळे. खालचा रेस्ट म्हणजे किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) पाय थांबला, हात चालूच. त्याला आधी नुसती खालची ओळ पायाने वाजवायला सांगा, मग नुसती वरची, आणि दोन्ही पक्क्या झाल्या की एकत्र. घाई करू देऊ नका, याला चार-पाच दिवस गेले तरी चालतील.

प्रश्न (घोडबंदर रोड): जाड आडवी रेघ आणि वर 8 लिहिलंय, म्हणजे आठ मात्रा?

आठ बार, म्हणजे मात्रांचे आठ गट, थांबायचं! फोर-फोर असेल तर बत्तीस मात्रा. "एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार" असं मोजा, पहिला आकडा बारचा.