वाचकांचे प्रश्न : आकृती फिरली की भूमिती अडते

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमातून नववीत शिकते. बीजगणितात तिला चांगले गुण मिळतात. भूमितीत मात्र ती सिद्धता पाठ करते आणि परीक्षेत आकृतीतील अक्षरे बदलली किंवा त्रिकोण उलटा काढलेला असला, की तिला काहीच सुचत नाही. शिकवणी लावूनही फरक पडलेला नाही. तिला भूमिती जमणारच नाही, असे समजावे का?
— एक आई, पंचवटी, नाशिक

उत्तर : असे मुळीच समजू नये. ‘त्रिकोण उलटा काढलेला असला, की’ हे आपले शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. तिच्या लेखी समद्विभुज त्रिकोण म्हणजे पाया खाली आणि शिरोबिंदू वर असलेले चित्र आहे. दोन बाजू समान असणे एवढ्याच अटीने तो समद्विभुज ठरतो, हे तिच्या मनात अजून रुजलेले नाही. नेदरलँड्समधील व्हॅन हिले या शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये नेमकी हीच अडचण मांडली. मूल आधी आकार दिसण्यावरून ओळखते, मग त्याचे गुणधर्म पाहते, मग त्या गुणधर्मांचा परस्परसंबंध जाणते, आणि त्यानंतरच सिद्धतेला त्याच्या दृष्टीने अर्थ येतो. मधल्या पायऱ्या राहून गेल्या आणि पुस्तक थेट ‘पक्ष’ (दिलेली माहिती) व ‘साध्य’ (सिद्ध करायचे विधान) लिहायला सांगू लागले, तर मुलीच्या हाती पाठांतराखेरीज काय उरणार? यात तिचा दोष नाही.

घरात संक्रांतीचा पतंग असेल (आपल्या जिल्ह्यात, पतंगोत्सवासाठी प्रसिद्ध येवल्याच्या शेजारी, तो असायलाच हवा), तर तो तिच्यासमोर ठेवावा. त्याची डावी-उजवी टोके दोऱ्याने जोडली, की उभी कामटी त्या दोऱ्याला मधोमध आणि काटकोनात छेदते. एवढ्यावरून वरच्या दोन कडा समान असल्याचे पट्टी न लावता सांगता येईल का, असे तिला विचारावे. दोऱ्याचे दोन समान भाग, काटकोन आणि दोन्हीकडे सामाईक असलेला कामटीचा तुकडा तिला दिसला, की ‘बाकोबा’ (बाजू-कोन-बाजू, त्रिकोणांच्या एकरूपतेची कसोटी) ही नुसती पाठ केलेली अक्षरे राहत नाहीत. मग पतंग आडवा करावा, उलटा करावा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा. सिद्धतेतील एकही कारण बदलत नाही, हे तिने स्वतः पाहिले पाहिजे.

एकरूपतेच्या कसोट्यांमध्ये ‘बाबाको’ (बाजू-बाजू-कोन) का नाही, हेही तिला करून पाहू द्यावे. तिने ३० अंशांचा कोन काढून त्याच्या एका भुजेवर शिरोबिंदूपासून ७ सेमी अंतरावर खूण करावी आणि त्या खुणेवरून ४ सेमी त्रिज्येचा कंस काढावा. तो कंस दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदतो, म्हणजे त्याच मापांचे दोन वेगवेगळे त्रिकोण तयार होतात. दुसरा त्रिकोण मात्र तिचा तिलाच सापडू द्यावा, मग त्याला अर्धा तास लागला तरी चालेल.