रात्रीच्या गप्पांचं तेवढं मनावर घे

अगं, लेक आता तीन वर्षांची झाली. ‘जेवलीस का, झोप आता’ एवढ्यावर भागायचं नाही. दिवसभरात जे घडलं, ते रात्री अंथरुणावर तिच्याशी पुन्हा बोलत जा. समज, खडेबाजारातल्या गर्दीत तिचा हात सुटला आणि ती रडली. रात्री ‘घाबरलीस ना?’ म्हणून थांबू नकोस. ‘तेव्हा काय वाटलं? मग आई कुठं दिसली?’ असं विचार आणि गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागतो, बहुतेक आया इथंच घाई करतात. ती मध्येच म्हणेल, ‘कुत्रा मोठ्ठा होता.’ भलतंच वाटलं तरी तेच धर. भीती गर्दीची नसेलच, कुत्र्याची असेल.

रॉबिन फिवुश, इलेन रीस या संशोधकांनी आईबाप मुलांशी घडून गेलेल्या गोष्टी कशा बोलतात, याचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. जिथं खुले प्रश्न विचारले जातात, का वाटलं तेही बोललं जातं, तिथल्या मुलांना भावना जास्त चांगल्या उमगतात.

‘रडू नको, काही झालं नाही’ हे मात्र सोडच. तिला झालेलं असतं.

घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड, याची धास्ती नको. ती ज्या भाषेत रुसते, त्याच भाषेत तिला विचार. आणि तिच्या बाबांनाही यात ओढ. ते निपाणीहून उशिरा येतात ना, मग सकाळी आंघोळ घालताना बोलू देत.