थेंब थांबतो तेव्हा पोरगा कुठे असतो?

प्रश्न : टेंभुर्णीजवळ हायवेला माझं डिझेलचं गॅरेज आहे. ३३ वर्षं झाली. टाटाच्या ६९७ इंजिनावर हात बसला, पुढं सगळंच केलं. आता गाडी आली की आधी तिच्या कॉम्प्युटरमधला दोष वाचणारा स्कॅनर लागतो. गुडघे गेलेत. मुलगा पुण्यात नोकरीला, तो म्हणतो बंद करा. शिकायला कुणी तयार नाही. इंजिनाच्या पंपाचं टायमिंग, म्हणजे डिझेल आत नेमकं कधी सोडायचं ते जुळवणं, बारीक काम, तेव्हा पोराला चहाला पिटाळतो आणि एकटाच बसतो. ही विद्या माझ्याबरोबरच जाणार का?

उत्तर : भाऊ, गुडघ्यांचं वाचलं, मुलाचंही वाचलं. पण मी अडकले ती चहापाशी.

कोण हा पोरगा? अख्ख्या पत्रात त्याचं नाव नाही. तुम्ही डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढता, वाकडी नळी बसवता, इंजिन हातानं जरा जरा फिरवता. डिझेलची धार बारीक होत थेंबावर येते आणि थेंब थांबतो, तीच टायमिंगची खूण. नेमका त्याच वेळी तो टपरीवर! आणि वर म्हणता, शिकायला कुणी तयार नाही. मला राग आला, लपवत नाही. तुम्ही स्वतः उस्तादाच्या पाठीमागून चोरून बघतच शिकला असाल. याला तर तुम्ही चोरायलाही जागा ठेवली नाही.

स्कॅनरचा बाऊ नको. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नवा नियम आला, कॉमन रेल या नव्या पद्धतीच्या गाडीचं टायमिंग ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर बघतो, हे खरं. पण तुमच्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ५० एचपीच्या आतले ट्रॅक्टर अजून बहुतेक हातानं टायमिंग लावायच्या मेकॅनिकल पंपावरच आहेत. हंगामात ते बंद पडले की कुणाच्या दारात येतात?

पुढचा पंप आला की पाना त्याच्या हातात द्या. तुम्ही स्टुलावर बसा. ‘थांबला’ हे त्यालाच म्हणू द्या. चुकला तर फ्लायव्हील मागं नेऊन पुन्हा. वाटीभर डिझेल सांडेल, सांडू दे. तुमचे हात शिवशिवतील, ते मांडीखाली दाबून ठेवा, पण मधे घालायचे नाहीत. गॅरेज ठेवायचं की बंद करायचं, ते त्यानंतर बघू.

आणि पुढचं पत्र लिहाल तेव्हा त्यात त्याचं नाव लिहा.